सोमवारचा दात, मंगळवारचा दात

सोमवार, ३ फेब्रुवारी

कॉलेजात असताना मी दैनंदिनी लिहायचे. पुढे लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि घडलं तेव्हा हाताला सवड नव्हती. आज पुन्हा सुरू करते आहे. कारण साधं आहे. मला राग आलाय, आणि भावजींवर किती ओरडणार? ते ऐकत नाहीत.

डॉक्टर आले होते. त्यांच्या वडिलांच्या दातांच्या दवाखान्याचे कृत्रिम दात वर्षानुवर्षं आमच्याच लॅबमध्ये झाले. तेव्हा लॅब आमचे हे आणि धाकटे भावजी मिळून चालवायचे. हे गेल्यावर सिरॅमिकचं काम मी हातात घेतलं. साचे, प्लास्टर, धातू भावजींकडे. आता दवाखान्याच्या गादीवर हा मुलगा बसलाय, आणि तो मला काकू म्हणतो.

"काकू, रागवू नका," त्यानं सुरुवातच अशी केली, म्हणजे रागवायचं काम मला तिथेच नेमून दिलं. "पलीकडच्या रस्त्यावर मशीनची लॅब निघालीये. कंप्युटरवर दात काढतात, मशीन कोरून देतं. चूक होत नाही."

"मशीनला चहा कोण देतं?" भावजींनी आतून विचारलं.

डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं. म्हणाले, समोरचा एक दात आलाय. वरचा, मधला, उजवा. पेशंटला तो कुणाला कळता कामा नये असा हवाय. "तुम्ही करा. शेजारच्या दाताशी जुळला, तर सगळी कामं पूर्वीसारखी इथेच. नाही जुळला, तर काकू, तुम्ही तरी अजून किती वर्षं डोळे फोडून घेणार?"

लॅबचं चारातले तीन हिस्से काम याच दवाखान्याचं आहे. ते गेलं तर भट्टी थंड. मी म्हटलं, दात पाठवा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पेशंट शेड, म्हणजे दाताची छटा, जुळवायला आला. चाळिशीचा, शांत, शर्ट खोचलेला. आमच्या मागच्या गल्लीत वीज कंपनीचं ऑफिस आहे, तिथे तक्रार खिडकीत बसतो. दात कसा तुटला, म्हटलं. एका बाईंनी स्वतःचा मीटर उखडून आणला होता आणि आकडा दाखवायला खिडकीच्या फटीतून जोरात आत सारला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"तक्रार घेतली," तो म्हणाला. "मीटर खरंच पळत होता, मॅडम."

रूट कॅनॉल झालेलं आहे, म्हणजे नस गेलेली. वर नुसता घासलेला खुंट. हवेचा फवारा मारला तरी हूं नाही की चूं नाही. असा पेशंट मिळाला तर निम्मं काम झालं.

शेजारचा दात सोपा नाही. चाळीस वर्षांत घासून घासून त्याला एक अंगची चमक आलीये. पण खिडकीशी उभं राहून शेड लावली, तेव्हा शेड गाइडमधल्या, म्हणजे छटांच्या पट्टीतल्या, एका नमुन्याशी तंतोतंत जुळली. मग काळजी कसली!

शनिवार, ८ फेब्रुवारी

काळजी आहे.

डॉक्टरांनी सकाळी मी केलेली कॅप तात्पुरत्या सिमेंटनं बसवली, म्हणजे हलक्या हातानं ओढली की निघते. जेवणाच्या सुटीत पेशंट दाखवायला आला. रंग अचूक. आकार अचूक. आणि तरीही तोंड उघडलं की आधी दात दिसतो, मग माणूस. शेजारचा दात दातासारखा, आणि माझा न्हाणीघरातल्या टाइलसारखा. खिडकीची चौकट त्यात सबंध दिसत होती, गजांसकट.

ग्लेझ जास्त झालं. शेवटच्या भाजणीत वरचा थर काचेसारखा वितळून सपाट बसला आणि मी कोरलेल्या बारीक रेषा बुडाल्या. रंग कितीही जुळवा, उजेड वरून सरळ परत आला तर डोळ्याला रंग दिसतच नाही, नुसती चकाकी दिसते. हे मला ठाऊक आहे. मीच भावजींना शिकवलंय.

डॉक्टरांचा फोन. "काकू, दात रस्त्याच्या पलीकडून दिसतो."

मी पेशंटला सांगितलं, आता रोज जेवणाच्या सुटीत यायचं, दाखवून जायचं. "रोज?" तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "बघतो. सोय करू."

सोमवार, १० फेब्रुवारी

आज भट्टी बंद करायच्या आधीच लिहायला बसले.

पेशंट आला. ऑफिसातून आला तरी पायात घरच्या चपला. मी चाक, रबर, सगळं तयार ठेवलं होतं. म्हटलं, आ करा. त्यानं आ केला.

टाइल गेली होती.

दात इतका सुरेख दिसत होता की क्षणभर मला कोणता तेच कळेना. चकाकी विरलेली, कडेला जिवंत पाणी, मधे बारीक आडव्या रेषा. अशा रेषा मी काढल्या होत्या खऱ्या, पण बुडाल्या होत्या. त्या वर आल्या. मी भावजींना हाक मारली. ते बराच वेळ बघत राहिले, आधी दाताकडे, मग पेशंटच्या तोंडाकडे, मग चपलांकडे.

"काय खाल्लंत दोन दिवसांत?" मी विचारलं.

"नेहमीचंच."

नीट बघावं म्हणून हवेचा फवारा मारला, तर गडी खुर्चीतून हातभर उडाला. नस काढलेल्या दातात काय झोंबणार? मागच्या वेळी तर ढिम्म बसला होता. माणूस नाटकी आहे.

माझा विचार असा झालाय: सिरॅमिक तोंडात रुळतं. नवी चप्पल दोन दिवस चावते आणि मग पायाची होते, तसं. लाळ, जीभ, ओठ यांनी दोन दिवसांत वरचा थर मऊ केला असणार. पुस्तकात हे नाही. पुस्तकं लिहिणारे पेशंटला दोन दिवसांनी परत बघत नाहीत.

डॉक्टरांना फोन केला. उद्या स्वतः येऊन बघा, म्हटलं. आवाज मुद्दाम सहज ठेवला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

टाइल.

डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे, पेशंट समोर, मी दिवा धरलेला, आणि ओठ वर गेला तो न्हाणीघर. गजांसकट. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपण काढ-घाल केली. त्यांच्या वडिलांचं वळण आहे, तेही असेच पेनाशी खेळायचे आणि मग बिल कापायचे.

"काल रुळला होता," मी म्हटलं.

"कोण?"

"दात."

"बरं," डॉक्टर म्हणाले. या आवाजात ते आठवणी गेलेल्या म्हाताऱ्यांशी बोलतात.

भावजी तर असे हसले की प्लास्टरचं घमेलं सांडलं. त्यांना हसायला काय झालं ते सांगत नाहीत.

कॅप काढली. दोन बोटांत आली. रबरच्या चाकानं ग्लेझ उतरवलं, आणि रागाच्या भरात जास्तच उतरवलं. परत बसवली तर आता खडू. खरबरीत झालं की उजेड दहा दिशांना फुटतो आणि तोच रंग दोन छटा जास्त पांढरा दिसतो. शनिवारी दात रस्त्यापलीकडून दिसत होता, आता पुलापलीकडून दिसेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज पुन्हा सुरेख.

 उठले, पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा बसले. सुरेखच. काल हातानं खडू केलेला दात आज शेजारच्याशी जुळ्या भावासारखा जुळत होता.

ठरवलं, काढूनच बघू. मागच्या बाजूला काय झालंय ते तरी कळेल. दोन बोटांनी ओढला. हलला नाही. चिमटा घेतला. हलला नाही. छोट्या हातोडीनं मागून हलकेच ठोकला, तेव्हा पेशंटनं असा टाहो फोडला की समोरच्या शिंप्याची शिलाई थांबली.

"अहो, ओरडता काय! कॅप आहे ती!"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, तात्पुरतं सिमेंट कोणत्या कंपनीचं वापरता? इतकं घट्ट? ते म्हणाले, काकू, तुम्ही चार दिवस विश्रांती घ्या.

पेशंट तास झाला तरी उठेना. जेवणाची सुटी किती वेळ असते या ऑफिसात? उगीच नाही लोकांचे मीटर पळत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खडू. आणि दोन बोटांत निघाला.

"काल का निघाला नाही?" मी दरडावलं.

तो गोंधळला. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, "काल फार दुखलं, मॅडम. म्हणजे दुखलं असं ऐकलं. म्हणजे माझ्याच कानांनी."

"ओरडलात केवढ्यानं!"

"ते विसरून जा, मॅडम. आमच्या कामात आदल्या दिवशीचं विसरावंच लागतं."

आज तो घाबरलेला होता. उठताना हळूच म्हणाला, "हे लवकर जुळेल ना? आमच्या साहेबांचं लक्ष गेलंय. परवा खिडकीपाशी येऊन म्हणाले, तुमचा दात एक दिवस आड बदलतो कसा? नोकरीचा प्रश्न आहे, मॅडम."

चाळिशीच्या माणसाला दिसण्याचं इतकं वेड बरं नव्हे. पण साहेबालाही फरक दिसतो, याचा मला फार आधार वाटला. म्हणजे माझे डोळे ठिकाणावर आहेत. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

रुळण्याचा विचार मी सोडून दिला. आता पाण्याचा धरलाय. ओला दात खोल आणि चमकदार दिसतो, वाळला की पांढरा पडतो. हे शास्त्र आहे. हा माणूस दिवसभर तक्रारी ऐकतो, मधे मधे 'हो हो' म्हणतो, तोंड उघडं राहतं, दात वाळतो. एखाद्या दिवशी लोक कमी येत असतील, तेव्हा ओला राहतो. सिमेंटचं मात्र कोडं आहे. हवामान असावं.

भावजींनी आज जेवताना विचारलं, "वहिनी, त्याला विचारलंत का कधी, घरी कोण कोण असतं?"

"दात घरच्या माणसांवर चमकत नाही, भावजी."

ते पुन्हा हसले. वयाबरोबर माणसाचं कसं होतं बघा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ठरलं. बिघडलेला दात सुधारत बसायचं नाही. चांगल्या दिवशीचा दात पकडायचा आणि त्याची हुबेहूब नक्कल करायची. आज सुरेख दिवस होता. म्हणून पेशंटला बसवून ठेवलं. हातोडी दिसताच तो अर्धा उठला, ती कपाटात टाकली तेव्हा बसला.

दिवा बाजूला आडवा लावला. आडव्या उजेडात पृष्ठभाग बोलायला लागतो. ओठाशी जवळजवळ वीस बारीक रेषा, खाली येईतो पुसट. दोन उभे उंचवटे, मधे उथळ पन्हळ. धारेजवळ डावीकडे तांदळाच्या कणीएवढी सपाट जागा, घासून झालेली. ही सपाट जागा मी केली नव्हती. म्हणजे त्यानं आठवड्यात माझं सिरॅमिक झिजवलं? दातओठ खात असणार झोपेत.

पन्नासेक फोटो घेतले. माप घेतलं. सगळ्यात महत्त्वाचं आज मला दिसलं, आणि आडवा उजेड नसता तर दिसलं नसतं: चमक सगळीकडे सारखी नाही. उंचवट्यांवर आहे, कारण तिथे ओठ घासतो. पन्हळीत आणि रेषांच्या तळाशी मंद आहे. ग्लेझ सगळीकडे एकच चमक ओततं, म्हणून टाइल. चाक सगळीकडची चमक काढून नेतं, म्हणून खडू. जिथे आयुष्याचा हात लागला तिथे चमक, जिथे पोचला नाही तिथे नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, आणि हे मला माझ्याच दातानं शिकवलं.

माझ्याच कामाची मला नक्कल करावी लागतेय याचा जरा अपमानही वाटला. पण तो दात करताना माझा हात खरोखरच लागला होता.

पेशंट मधेच झोपला. घोरतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पेशंटला शुक्रवारपासून बोलावलं नाही. नवी कॅप घडवतेय. दोन भाजण्या फुकट. पहिलीत धार चिरली, दुसरीत रेषा इतक्या खोल गेल्या की दात धुण्याच्या फळीसारखा दिसायला लागला. भावजी म्हणाले, याच्यावर रुमाल धुता येतील. मी त्यांना साचे घासायला बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं नाही, पण त्यांचा कंपाउंडर मशीनवाल्या लॅबचं कॅलेंडर घेऊन जाताना मला दिसला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तिसरी भाजणी. ग्लेझ अगदी पातळ, नावाला. मग चांदीची पूड लावून रेषा मोजल्या, पूड धुतली, आणि फक्त उंचवटे पॉलिशच्या लेपानं, मऊ ब्रशनं, आणि शेवटी बोटाच्या टोकानं घासले. बोटानंच. मशीनला बोट नाही.

फोटोशेजारी धरली. भावजी खूप वेळ बघत राहिले आणि हसले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा असते तर त्यांनी तुमच्या हाताखाली काम केलं असतं."

मी म्हटलं, घमेलं धुवून ठेवा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बसवली. ओठ खाली, ओठ वर. ओली बघितली, वाळवून बघितली. दिव्यात, उन्हात, सावलीत बघितली. जुळते.

पेशंटनं आरशात बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. "एकदम त्याच्यासारखा," तो म्हणाला.

"कुणासारखा?"

"शेजारच्या... दातासारखा."

मी आनंद केला नाही. शनिवारी सगळं बरं दिसतं. सोमवारी कळेल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तसाच! अगदी शनिवारसारखा. रेष न् रेष, कणीएवढी सपाट जागा, उंचवट्यांची चमक. पहिल्यांदाच लागोपाठ दोन वेळा दात एकसारखा दिसला. ओलं-कोरडं, सोमवार-शनिवार, कशाचाही परिणाम नाही. मी जिंकले.

हवेचा फवारा मारला तर परत उडाला. याला एकदा डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

दुपारी डॉक्टर आले, आणि त्यांच्याबरोबर एक बारीक मिशीचे, छत्री घेतलेले गृहस्थ. ऊन लख्ख होतं. हे पेशंटचे साहेब. दवाखान्यात गेले होते, डॉक्टर म्हणाले, दाताच्या पृष्ठभागाचं काकूंना विचारा. खरं म्हणजे डॉक्टरांना माझी फजिती बघायची होती, असं मला वाटतं.

साहेब खुर्चीच्या टोकावर बसले. "एकच विचारायचंय. मी हा महिनाभर रोज खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहतोय, तक्रारदार म्हणून. आमच्या माणसाचा दात एक दिवस आड वेगळा दिसायचा. आज चकचकीत, उद्या साधा. मग आज पांढरा फटक, उद्या साधा. एकाच माणसाचा दात असा बदलतो का?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "मला वाटतं, माणसं दोन आहेत."

भावजींच्या हातातून चिमटा पडला.

मला हसू आलं. मी सहसा हसत नाही. "साहेब, तुमच्या ऑफिसात माझं नवीन कनेक्शन अडीच वर्षं पडून होतं, कारण टेबलावर माणूस नव्हता. एका जागेवर एक माणूस बसत नाही तिथे. दोन कुठून येणार?"

डॉक्टर खोकले. साहेब लाल झाले. पण मी नुसती बोलणारी बाई नाही. कपाटातून एकाच पावडरच्या, एकाच भाजणीच्या दोन चकत्या काढल्या. एक ग्लेझची, एक खरबरीत घासलेली.

"रंग किती?"

"दोन. हा पांढरा आहे."

खरबरीत चकतीवर पाण्याचा थेंब टाकला. पांढरेपणा गेला. दोन्ही एक दिसायला लागल्या. पाण्यानं ओरखडे भरले, उजेड फुटायचा थांबला. थेंब पुसला, पुन्हा पांढरी. साहेबांनी स्वतः तीन वेळा थेंब टाकून बघितला. मग छत्रीच्या टोकानं चकती ढकलून पाहिली.

"रंग एकच," मी सांगितलं. "बदलतो तो पृष्ठभाग. दात सपाट असेल तर चकाकतो, खरबरीत असेल तर पांढरा पडतो, ओला असेल तर साधा दिसतो. तुमचा माणूस दिवसभर लोकांचं ऐकून तोंड वाळवतो. संशय घ्यायचाच असेल तर तुमच्या डोळ्यांवर घ्या. आणि आता जाऊन बघा. आता बदलत नाही."

"बघितलं," साहेब पडेल आवाजात म्हणाले. "चार दिवस झाले, रोज सारखाच आहे."

"मग?"

"मग काही नाही. अकरा वर्षांत एक रजा नाही, कुणावर एकदाही आवाज चढवला नाही. म्हणून वाटलं, एकट्या माणसाला हे जमायचं नाही." जाताना ते दारात थांबले. "उत्तम कर्मचारी म्हणून त्याचं नाव पाठवतो आता."

ते गेल्यावर डॉक्टरांनी थेंब टाकून बघितला. मग म्हणाले, "काकू, मशीनवाल्यांना मी नाही म्हणून कळवतो." आणि जरा थांबून, "त्या दातावर काय केलंत ते मला एकदा शिकवाल?"

मी म्हटलं, सोमवारी पक्क्या सिमेंटनं तो बसवून झाला की या. भट्टी चालू राहील. देवाला नाही, पण यांच्या फोटोला मी ते सांगितलं.

रविवार, २ मार्च

सुटीच्या दिवशी कोण आलं म्हणून दार उघडलं, तर पेशंट. आणि त्याच्या शेजारी पेशंट.

मी दार लावलं. परत उघडलं. तिथेच होते दोघं. तेच कान, तोच भांग, तेच चोरटं हसू. एकाच्या पायात बूट, दुसऱ्याच्या पायात घरच्या चपला.

"आत या," भावजी मागून म्हणाले, जणू दूधवाला आलाय. त्यांना सोमवारी, दहा तारखेलाच कळलं होतं! चपलांवरून! मला का सांगितलं नाहीत म्हटलं तर म्हणतात, "वहिनी, तुमचा सिद्धान्त इतका छान चालला होता."

दोघांना बसवलं आणि सगळं वदवून घेतलं. जुळे. नोकरी एकच.

"पहिले आठ महिने मी एकटा बसलो खिडकीत," बूट म्हणाला. "रोज तक्रारी. शेवटी घरी येऊन भिंतीला म्हणायला लागलो, तुमचं निवेदन मिळालं."

"म्हणून एक दिवस मी गेलो," चपला म्हणाला. "कुणाला कळलं नाही. तेव्हापासून एक दिवस ऐकायचं, एक दिवस विसरायचं. पगार निम्मा निम्मा, पण डोकं पूर्ण."

"आणि दात?"

"दात ह्याचा तुटला. पण आमचं सगळं पाळीनं चालतं. तुम्ही रोज या म्हणालात. हा ड्यूटीवर असेल त्या दिवशी पाळी माझी."

"अहो, पण दात तुमचा नव्हता!"

"मॅडम, नोकरी तरी कुठे माझी आहे?"

 माफी मागायची वेळ माझ्यावर क्वचित येते. हातोडीबद्दल मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, विसरलो.

म्हणजे मी पन्नास फोटो घेऊन जन्मजात दाताची नक्कल करत होते, आणि मला वाटत होतं माझाच हात लागलाय. पाच मिनिटं वाईट वाटलं. मग वाटलं, नक्कल तर झाली ना? साहेबाला सांगायला जावं का, हाही विचार केला. पण त्यांनी मला दाताबद्दल विचारलं होतं, आणि दाताबद्दल मी जे सांगितलं ते अक्षरशः खरं आहे. माणसांबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्याच ऑफिसचा अनुभव सांगितला. तोही खरा आहे. शिवाय त्या खिडकीवर रोज एकच माणूस बसला, तर आठ महिन्यांत तो भिंतीशी बोलेल, आणि माझी पुढची तक्रार भिंतीकडे जाईल.

निघताना बूट-चपला दारात काढून ठेवलेल्या, दोघं खिडकीशी उभे. आल्यापासून चारदा जागा बदलून झाली होती, त्यामुळे कोण कोणता ते आता मलाही कळेना.

"सांगू का, मॅडम, कॅप कुणाची?" एकानं विचारलं.

"खबरदार! मी माझं काम ओळखत नाही काय?"

आडवा दिवा लावला. दोघांना शेजारी बसवून आ करायला लावलं. सावकाश बघितलं, घाई केली नाही. मग डावीकडच्याकडे बोट दाखवलं. "हा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बरोबर?"

"बरोबर, मॅडम," दोघं एकदम म्हणाले. भावजींना त्याच वेळी ठसका लागला आणि ते आत निघून गेले. प्लास्टरची धूळ.

फरक खरं म्हणजे उघड आहे. माझ्या दातात उंचवट्यांची चमक जिवंत वाटते, मला त्यात माझं बोटसुद्धा दिसतं. दुसऱ्याचा जन्मजात म्हणून ठीक आहे, पण जरा ठोकळेबाज. कडेला पाणी कमी. घाईत केल्यासारखा.

"उद्या पक्क्या सिमेंटला डॉक्टरांकडे तुम्ही जायचं," मी डावीकडच्याला बजावलं. "पाळी कुणाचीही असो. ज्याचा दात, त्यानं जायचं."

तो कसनुसं हसला. भावाच्या मागे सरकला.

जाण्याआधी दोघांना गार पाणी दिलं. उजवीकडचा गटागटा प्यायला. माझ्या दातवाल्यानं पहिलाच घोट घेतला आणि कळवळून ओठ धरला.

पाणी फारच गार झालं असणार. फ्रिजचा आकडा कमी करून ठेवला.